पेटीतले नातेवाईक

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी अडकलेली दारं उघडून दिली, त्याला स्वतःच्या घरातल्या एका दाराचा धाक होता. दारही काही किल्ल्याचं नव्हतं. साधं प्लायवूडचं, खालून फुगलेलं, आतून कडीसुद्धा धड न लागणारं. पण त्याच्यामागे बिट्टी बसायची, आणि बिट्टी ही त्याच्या बायकोची मुलगी होती.

माणूस धंद्याने लिफ्ट मेकॅनिक. लग्न उशिरा झालं. लोक लग्न करून बायको घरी आणतात. हा लग्न करून बायकोच्या घरी राहायला गेला, कारण त्याच्या खोलीत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला जिन्यात थांबावं लागे. जाताना दोन पिशव्या आणि हत्यारांची पेटी नेली. घरात बायको होती, तिची कॉलेजात जाणारी मुलगी होती, आणि भिंतीवर मुलीच्या वडिलांचा फोटो होता. ते ती लहान असतानाच गेले होते. फोटोतला माणूस उंच आणि शांत दिसायचा. मेकॅनिकने पहिल्याच आठवड्यात तो फोटो उतरवला, तेव्हा घरात एकदम चिडीचूप झालं. त्याने मागचा खिळा बदलला, फोटो सरळ टांगला आणि हात झटकून चहा मागितला. त्यानंतर बायकोची त्याच्याबद्दलची उरलीसुरली काळजी मिटली. बिट्टी मात्र काही बोलली नाही.

लिफ्टच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो ज्यांनी पाळला नाही ते सांगायला उरलेले नाहीत. एक जण लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत असतो, दुसरा वर मशीनरूममध्ये. वरच्याने ओरडून विचारायचं, "हलवू का?" खालून "हलव!" असं स्पष्ट उत्तर आलं तरच लिफ्ट हलवायची. उत्तर नाही आलं तर? नाही हलवायची. पुन्हा विचारायचं आणि थांबायचं. गप्प बसणं म्हणजे होकार, हे लग्नाच्या बोलणीत चालतं, लिफ्टच्या शाफ्टमध्ये चालत नाही.

हा नियम त्याच्या हाडांत इतका मुरला होता, की घरीही बिट्टीच्या दारावर तो दोन टिचक्या मारायचा, "येऊ का?" म्हणायचा आणि उभा राहायचा. बिट्टीच्या कानांवर हेडफोन. तिला काही ऐकू जायचं नाही. तिच्यासाठी आणलेल्या, हातातल्या चहावर साय धरायची.

"अहो, ढकला ना दार!" बायको स्वयंपाकघरातून ओरडायची.

"उत्तर नाही आलं अजून."

"ती काय लिफ्टच्या टपावर उभी आहे?"

"कोण कुठे उभं असेल, सांगता येतं का?" असं म्हणून तो पुन्हा दोन टिचक्या मारायचा.

बिट्टीचं एक वैशिष्ट्य होतं. ती त्याला काहीच म्हणायची नाही. म्हणजे बोलायची सगळं, अगदी आदराने, पण हाक मारायची नाही. 'काका' म्हणावं तर शेजारचे वाटतात, 'बाबा' ही जागा भिंतीवर होती, आणि नावाने हाक मारण्याइतकी ती उद्धट नव्हती. सुदैवाने आपल्या भाषेत हाक न मारता संसार उरकण्याची उत्तम सोय आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी ती पन्नास-पन्नास वर्षं वापरून पक्की करून ठेवली आहे. "ऐकलंत का", "जेवायला बसताय ना", "दिवा गेलाय, बघता का". बिट्टीचं दोन वर्षं काही अडलं नाही. त्याचंही नाही. फक्त कधीकधी त्याला वाटे, बाजारात गर्दीत चुकामूक झाली, तर ही पोरगी आपल्याला शोधणार कशी?

बिट्टी दारामागे बसून काय करायची, तर गेम बनवायची. फार पूर्वी मारामारीचा एक गेम निघाला होता. ज्या कंपनीने काढला तिने तो बंद केला आणि विसरूनही गेली. पण तो खेळून लहानाचे मोठे झालेले लोक विसरले नाहीत. त्यांनी ठरवलं, आपणच नव्याने करू. बिट्टी आणि आणखी तिघं, एकमेकांना प्रत्यक्ष कधीही न भेटलेले. एक जण ठोसे बनवायचा, एक संगीत द्यायचा, एक चुका शोधायचा आणि सगळ्यांना शिव्या घालायचा. यातून कुणालाही एक पैसा मिळणार नव्हता, त्यामुळे त्यांची भांडणं अत्यंत प्रामाणिक होती.

बिट्टीकडे काम होतं पेटीचं. दोन पहिलवान लढत असतात. मधेच आभाळातून पेटी पडते. जो आधी पोचेल त्याने ती उचलून आपटायची. पेटीला बारीक दार; ते उघडतं आणि आतून एक जनावर बाहेर येऊन आपल्याला मदत करतं. कुठलं जनावर येईल ते आपल्या हातात नाही. हत्ती येईल नाहीतर चिचुंद्री. नशीब.

एके दिवशी बिट्टी आपण होऊन बाहेर आली. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर तिने गेम घालून दिला. "हे बघा, जमलं तर," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "जिंकायचं वगैरे मनावर घेऊ नका. पेट्या फोडत राहा." आणि दार लावून घेतलं.

मेकॅनिकने ते हुकुमासारखं घेतलं.

दुपारच्या सुट्टीत तो आणि त्याचा जोडीदार कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या मशीनरूममध्ये डबा खायचे. ग्रीसचा वास, मोटारीची ऊब, जमिनीतल्या भोकातून खाली गेलेले दोरखंड. जोडीदार गलेलठ्ठ होता आणि सगळ्या जगावर त्याचा एक राग होता, की जग त्याला विचारून चालत नाही. त्याच्या समोर मेकॅनिकने लॅपटॉप उघडला आणि पहिली पेटी आपटली.

आतून बदक निघालं. कंबरेवर पंख ठेवून ते दोन्ही पहिलवानांच्या मधोमध उभं राहिलं आणि असं ओरडायला लागलं, की समोरच्याचा जीव कमी झालाच, पण ज्याच्या मदतीला आलं त्याचाही झाला. मग मागे वळून वळून आणखी थोडं ओरडत ते निघून गेलं.

मेकॅनिकच्या हातातला घास हातातच राहिला. "अरे, ही मावशी!"

"कोण मावशी?"

"बायकोची थोरली बहीण. लग्नात वाढप्यांना ओरडत होती ती."

"ती? अरे, मलाही ओरडली होती! मी जेवलो नाही म्हणून आणि मग फार जेवलो म्हणून." जोडीदार स्क्रीनजवळ सरकला. "फोड, फोड. अजून कोण निघतंय बघू."

दुसऱ्या पेटीतून गोरिला निघाला. त्याने छाती बडवली, बाह्या नसताना बाह्या सरसावल्या, सगळ्या रिंगणाला एक चक्कर मारली आणि कुणालाही हात न लावता जिथून आला तिथे निघून गेला. हा मामा. 'मी आहे ना!' हे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं योगदान होतं. तिसऱ्या पेटीतून कासव. ते शत्रूच्या दिशेने निघालं, आणि सामना संपला तरी वाटेतच होतं. हे आजोबा, कुठेही वेळेवर निघायचे आणि कार्य उरकल्यावर पोचायचे. चौथ्यातून मांजर निघाली. तिने खेळणाऱ्याच्याच पहिलवानाला मानगुटीला धरून उचललं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं. पहिलवान जिंकत होता, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"ही तुझी बायको," जोडीदार म्हणाला. त्याला सांगावं लागलं नाही.

दोघं इतके हसले, की खालून कुणीतरी लिफ्टचं दार वाजवून विचारलं, वर सगळं ठीक आहे ना.

मग जोडीदाराने डब्याचं झाकण लावता लावता सहज विचारलं, "आणि तू कोण आहेस यात?"

हा प्रश्न खरं तर मेकॅनिकच्या मनात आलाच नव्हता. पण एकदा कानावर पडला, तो पडलाच. खडा बुटात गेल्यासारखा.

"असेन की. येईल पुढच्या पेटीत."

"गाढव असणार तू," जोडीदार पैज लावल्यासारखा म्हणाला.

"गाढव तर गाढव. असलं म्हणजे झालं."

पुढच्या पेटीत पुन्हा बदक आलं.

त्या दिवसापासून मेकॅनिक रोज पेट्या फोडू लागला. समोरच्याला मारायला त्याला सवड नव्हती. त्याचा पहिलवान मार खात खात पेटीपर्यंत पोचायचा, ती आपटायचा आणि बिचारा आडवा व्हायचा. जनावरं येत राहिली. शेजारच्या बाई खार होऊन आल्या आणि आपलं काम सोडून दुसऱ्याच्या घरात डोकावून गेल्या. बिट्टीचे शाळेतले गणिताचे मास्तर, ज्यांच्या गोष्टी घरात अजून निघत, ते घुबड होऊन आले. गल्लीतला कुत्रा कुत्राच होऊन आला. त्याच्यात सुधारणेला वाव नव्हता.

एकदा पेटीतून बगळा निघाला. उंच, शांत. तो लढला नाही, ओरडला नाही. मागच्या बाजूला पाण्यात एका पायावर उभा राहिला. मेकॅनिकला आधी वाटलं, हा बिघडलाय. मग ध्यानात आलं, की बगळा उभा आहे तोवर आपल्या पहिलवानाला कुणाचा ठोसा लागत नाहीये. बगळ्याने एकदा मान वळवून पाहिलं आणि उडून गेला.

भिंतीवरचा फोटो त्याला आठवला. त्याने लॅपटॉप हळूच मिटला. हेवा नाही वाटला. त्या माणसाचा खिळा त्यानेच तर बदलला होता. उलट बरं वाटलं, पोरीने वडिलांना चांगली जागा दिली. फक्त बुटातला खडा जरा मोठा झाला.

यात सगळ्यात छळणारी गोष्ट अशी, की पेटी म्हणजे नशिबाचा खेळ. तो आत नाही, असं छातीठोक म्हणता येईना. नसेल निघाला अजून. दहा वेळा मावशी येऊ शकते. खऱ्या आयुष्यातही येतेच. आत असलेल्या माणसाचा एक दिवस पत्ता लागतो. आत नसलेल्याला मात्र कुठल्या दिवशी थांबायचं, ते कळतच नाही.

"अरे, विचार ना सरळ तिला," जोडीदार म्हणाला. पहिल्या दिवशीचं हसू आता त्याच्याही तोंडावर नव्हतं.

"आणि तिने उत्तर नाही दिलं तर?"

"तर नाही दिलं! ती पोरगी आहे, लिफ्ट नाही."

"विचारल्यावर दिलं आणि 'नाही' असं दिलं, तर?"

यावर जोडीदाराने आपल्या डब्यातला शेवटचा घास त्याच्या डब्यात टाकला. तो घास कुणाला देणारा माणूस नव्हता.

रविवारी सगळे जेवायला जमले. मावशी आली, मामा आला, आजोबाही निघाले होते. गेम येत्या शनिवारी सगळ्या जगाला खेळायला मिळणार होता. बिट्टीच्या आईने कौतुकाने सांगून टाकलं, "आपण सगळे आहोत हं त्यात!" बिट्टीने कपाळावर हात मारला. पण आता बाण सुटला होता. जेवणं झाल्यावर लॅपटॉप टेबलावर आला.

बदक पाहून मावशीने श्वास आत घेतला. सगळ्यांनी कानांची तयारी केली. "मी अशी दिसते?" मावशी म्हणाली.

"मावशी, ते फक्त..."

"हा पंख असा कंबरेवर ठेवायचा नसतो. हा असा." तिने उभं राहून दाखवलं. "आणि आवाज इतका बारीक कशाला? भ्यायचा कोण त्याला?"

मामा मात्र दुखावला. गोरिला होण्याबद्दल नाही. तो त्याला शोभूनच दिसत होता. "पण हा मारत का नाही कुणाला?"

"तू कधी मारलंस?" बिट्टीच्या आईने विचारलं.

"वेळ आली तर मारेन ना! मी आहे ना!"

"तेच करतोय तो."

मग मावशीने हिशेब काढला, की गोरिला आपल्यापेक्षा जास्त वेळा येतोय आणि हा पक्षपात आहे. मामा म्हणाला, गुणवत्ता असते एकेकाची. थोड्याच वेळात घरातलं कुणीही जनावर झाल्याबद्दल नाराज नव्हतं. सगळे कमी वेळा आल्याबद्दल नाराज होते. आजोबा आले तेव्हा ताटं उचलून झाली होती. कासव पाहून ते म्हणाले, "हे कोण? ओळखीचं वाटतंय."

या गलक्यात मामा वळला आणि मोठ्याने म्हणाला, "आणि आमचे भाऊजी कुठेत? भाऊजी, तुम्ही कोण?"

बिट्टीने मान वर केली आणि मेकॅनिककडे पाहिलं. सरळ, पापणी न लवता. ती कशाची तरी वाट पाहत होती, हे त्याला दिसलं, पण त्याला वाटलं, ती घाबरली आहे. सगळ्यांसमोर 'ते नाहीत यात' असं सांगायची पाळी आता पोरीवर येणार. त्याने तिला सोडवायचं ठरवलं. अडकलेल्या माणसाला सोडवणं हा तर त्याचा धंदा.

"मी कशाला?" तो हसत म्हणाला. "मी काय जनावर आहे? आपल्याला असलं काही नको बुवा. शोभत नाही."

मामा खो खो हसला. बिट्टीने लॅपटॉप मिटला. "बरोबर आहे," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आठवडाभर घरात सगळं सुरळीत होतं, म्हणजे काहीच सुरळीत नव्हतं. "मीठ देता का", "पाणी गेलंय". वाक्यं पहिल्यासारखीच बिनहाकेची, पण आता त्यांत 'का' आणि 'ना' सुद्धा मोजून येऊ लागले. बायकोने दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. कुणाला किती दिसत नाही हे ओळखण्यात तिचा हात धरणारा नव्हता.

शनिवारी दुपारी दुकानात जायला निघताना ती चपला घालत म्हणाली, "अहो, ती आज संध्याकाळी तो गेम लोकांना देणार. त्याआधी काहीतरी काढून टाकणार आहे म्हणे त्यातून. काय ते सांगत नाही. डोळे सुजलेत."

"काय झालं?"

"मला विचारू नका. दार तिकडे आहे." आणि तिने पर्स उचलली.

मेकॅनिक दारापाशी गेला. त्याने दोन टिचक्या मारल्या. "येऊ का?"

आतून उत्तर नाही.

नियम सरळ होता. तो थांबला. पुन्हा टिचक्या मारल्या, पुन्हा विचारलं. आत खुर्ची करकरली. म्हणजे कानांवर हेडफोन नव्हते. ऐकू गेलं होतं. तरी उत्तर नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने विचार केला, की खालच्या माणसाने उत्तर दिलं नाही, म्हणून लिफ्ट हलवायची नाही हे बरोबर. पण बोलायचंही नाही, असं कुठे म्हटलंय?

त्याने दाराला हात लावला नाही. फुगलेल्या प्लायवूडला तोंड लावून, मशीनरूममधून बोलायचा तसा, जरा मोठ्यानेच तो म्हणाला, "येत नाही मी. इथूनच विचारतो. त्या पेटीत मी आहे का गं?"

आत काहीतरी पडलं. मग दार उघडलं. बिट्टीचं नाक लाल होतं.

"म्हणजे काय?" ती म्हणाली.

"म्हणजे... नसलो तर नसलो. मला काही नाही त्याचं. फक्त कळलं तर थांबता येईल. रोज फोडतोय मी पेट्या. जोडीदार म्हणतो गाढव असणार, मी म्हटलं गाढव चालेल..."

"तुम्ही बघितलंच नाहीत?"

"काय बघितलं नाही?"

"साळिंदर!"

"कुठलं साळिंदर?"

बिट्टी त्याच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, तुम्ही पहिल्याच दिवशी बघितलं असेल. मी वाट बघत होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हटलं, आवडलं नसेल. आणि रविवारी सगळ्यांसमोर म्हणालात, मला असलं नको, शोभत नाही!"

"ते मी तुला सोडवायला म्हटलं."

"कशातून?"

हा प्रश्न रास्त होता.

"आत या," बिट्टी म्हणाली. तो आत गेला. दोन वर्षांत आज पहिल्यांदा त्याच्या हातात चहा नव्हता.

तिने गेम लावला आणि स्वतः पेट्या फोडायला सुरुवात केली. बदक, कासव, बदक, खार, गोरिला. "येईल आता," ती म्हणाली. मांजर, घुबड, बदक. तिच्या कपाळावर आठी पडली. तिने गेम बंद केला आणि त्याच्या पोटातलं लिखाण उघडलं. काळ्या पडद्यावर बारीक ओळी. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मग तिने डोकं टेबलावर टेकलं.

"काय झालं?" तो घाबरला. "फार बिघडलंय?"

"यंत्र एकापासून नाही मोजत," ती टेबलाशीच बोलली. "शून्यापासून मोजतं. म्हणून शेवटचा आकडा एकाने कमी धरावा लागतो. तो मी धरला. पण चिठ्ठी काढणारी ही ओळ आहे ना, ती मुळातच शेवटाच्या एक पाऊल आधी थांबते. एक पाऊल मी मागे, एक पाऊल ती मागे. सगळ्यात शेवटचं जनावर कधीच बाहेर येणार नाही. जन्मात नाही."

"आणि सगळ्यात शेवटचं..."

"साळिंदर. सगळ्यात शेवटी केलं होतं. सगळ्यात जास्त वेळ लागला त्याला." तिने मान वर केली. "तपासलंही होतं, पण वेगळं बोलावून. पेटीतून नाही. आणि बाकी कुणाच्या लक्षात कसं येणार? जे कधी आलंच नाही, ते आलं नाही म्हणून कोण ओरडेल?"

एक जण पेट्या फोडत होता, एक जण वाट बघत होती, आणि यंत्र इमानाने दोघांनी सांगितलं तेवढंच करत होतं.

बिट्टीने तो आकडा बदलला. एका आकड्याचा फरक. इतका क्षुल्लक, की त्यासाठी रडलो हे सांगायलाही लाज वाटावी. त्या ओळींच्या वरती जनावरांची नावं एकाखाली एक दिसत होती. आई, मावशी, मामा, आजोबा, बाबा. मेकॅनिक नको नको म्हणता खाली वाचत गेला. शेवटचं नाव होतं: येऊका.

बिट्टीचे कान लाल झाले. "यंत्राला बिननावाचं काही चालत नाही," ती म्हणाली. "आणि मधे जागा सोडलेलीही चालत नाही, म्हणून जोडून लिहिलंय."

"नाव म्हणून वाईट नाही," तो म्हणाला आणि खिशातला पेचकस काढून उगाचच पुसायला लागला.

"बसा. खेळा." तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाहेरची त्याची हत्यारांची पेटी ओढून आणून तिच्यावर बसली.

पेटी पडली. मावशी. पेटी पडली. मामा. "आज तरी कर काही," मेकॅनिक त्याला म्हणाला. त्याने काही केलं नाही. पेटी पडली.

दार उघडलं नाही. आतून दोन टिचक्या वाजल्या. टक टक.

दार किंचित सरकलं आणि फटीतून एक नाक बाहेर आलं. मग सगळं साळिंदर दिसलं. पाठीवर काट्यांऐवजी पेचकस, टेस्टर, पाने, कानामागे पेन्सिल, एका पंजात कपभर चहा. मेकॅनिकने आपल्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. तक्रारीला जागा नव्हती. साळिंदर उंबऱ्यात उभं राहिलं आणि पडद्याबाहेर, खेळणाऱ्याकडे पाहू लागलं.

"हे का थांबलं?" मेकॅनिकने विचारलं.

"विचारतंय ते."

"काय विचारतंय?"

"काय विचारणार? बाकीचे सगळे न विचारता मदत करतात. हे एकटंच विचारतं."

"अच्छा," मेकॅनिक म्हणाला. आणि उत्तराची वाट पाहणाऱ्या त्या प्राण्याबरोबर, जन्माच्या सवयीने, तोही वाट पाहू लागला. दोघं एकमेकांकडे पाहत होते. दोघांनाही घाई नव्हती. तेवढ्यात शत्रूने येऊन पहिलवानाला पाच-सहा ठोसे लगावले आणि आडवा केला. साळिंदराने मान हलवली, चहा सांभाळला आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

"अहो, येऊका!" बिट्टी पेटीवरून उडीच मारून उठली. "बटण दाबायचं ना! 'ये' म्हणायचं असतं! स्वतःलाच आत घेतलं नाहीत तुम्ही!"

"कुठलं बटण, ते सांगितलं नाहीस."

"कुठलंही! कुठलंही दाबा, ते येतं!"

पुन्हा पेट्या फोडाव्या लागल्या. मधे बगळा येऊन गेला; तो उडेपर्यंत दोघांनीही दुसऱ्या पेटीला हात लावला नाही. मग टक टक झालं. या वेळी मेकॅनिकने दोन्ही तळहात सगळ्या बटणांवर टेकवले. साळिंदर धावत आलं, पहिलवानासमोर उभं राहिलं, तोंड त्याच्याकडे आणि पाठ शत्रूकडे. पंजातला चहा पहिलवानाच्या हातात दिला. शत्रूने मागून ठोसा मारला आणि बोंबलत हात झाडत बसला. पुन्हा मारला, पुन्हा बोंबलला.

सामना मेकॅनिक हरलाच. पहिलवान चहा पीत बसला होता आणि वेळ संपली.

"हे फार उपयोगाचं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "लोक काढून टाका म्हणतील."

"म्हणू देत," बिट्टी म्हणाली आणि गेम जगाला देऊन टाकला.

लोक म्हणालेच. चुका शोधणारा मित्र त्याच संध्याकाळी चिडून लिहिता झाला, की हे नवीन जनावर दारात उभं राहून वेळ खातं, निदान ते टकटक तरी काढ. बिट्टीने त्याला लिहिलं, "एकदा 'ये' म्हणून बघ."

बायको दुकानातून परतली, तेव्हा बिट्टीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून हाका ऐकू येत होत्या. "येऊका, डावीकडे! डावीकडे! येऊका, तुमची डावी!" तिने पर्स ठेवली, आत डोकावली आणि कमरेवर हात ठेवून पाहत उभी राहिली. मेकॅनिक जिंकत होता. आयुष्यात पहिल्यांदा जिंकत होता.

"पुरे आता," ती म्हणाली. "उठा. जेवायला चला दोघं." आणि त्याची कॉलर मागून धरून तिने त्याला खुर्चीतून उठवलं.